पायाळू

मी पायाळू. म्हणून सहाव्या वर्षी
गाव मला रानातून अनवाणी चालवायचं,
पाय जड झाला की सांग म्हणायचं.
एकदा काटा रुतला म्हणून थांबलो.
तिथेच खणलं. अठरा हातांवर पाणी.
विहीर अजून माझ्या नावाने ओळखतात.

पुढे नागपूर, पीएच.डी.,
लेक्चररचा रीडर व्हायला अकरा वर्षं,
कारण फाइल कपाटात आणि किल्लीवाला रजेवर.
तेवीस पेपर. त्यातले चार कुणीतरी वाचले असावेत.
दर उन्हाळ्यात दारव्ह्याकडच्या काळ्या रानात
लोखंडी खुंट्या ठोकायच्या, करंट सोडायचा,
खालचा बेसाल्ट किती अडून बसतो
ते ओहम-मीटरमध्ये लिहून घ्यायचं.
खुंट्या डोमाजी मेश्राम ठोकायचा.
प्रबंधात त्याचं नाव शेवटच्या पानावर,
तेही चुकून डोनाजी.

निवृत्तीआधीचा शेवटचा सर्व्हे.
आलेख छान वाकला:
बत्तीस मीटरवर भेगाळलेला खडक.
सरपंच शेवंताबाई उईके यांनी कागद पाहिला,
मग माझे बूट.
"सर, मशीन बराबरच असन.
पन पायानं बी पाहा ना जरा."

विद्यार्थी हसू दाबून उभे.
मी मोजे काढले.
ढेकळं तापलेली. चाळीस वर्षांनी
जमीन तळव्याला लागली,
आणि पाय जड झाला
खुंटीपासून नऊ पावलं डावीकडे.

वहीत हे लिहिलं नाही.
डोमाजीने मात्र, न विचारता,
तिथे एक दगड ठेवला.