सव्वादोन

मकरपुऱ्याच्या कारखान्यात, टाइम ऑफिसच्या खिडकीशी
एक पत्र्याचा पाट आहे, त्यावर पाच खुंट्या.
उजवा हात ठेवायचा, बोटं खुंट्यांना टेकवायची,
वरून कॅमेरा बघतो.
रेषा बघत नाही. ठसेही नाही,
ते बफिंगच्या चाकाने कधीच खाल्लेत,
म्हणून तर हे यंत्र आणलं.
फक्त लांबी, रुंदी, पेरांची जाडी,
लहान मूल पाटीवर पंजा ठेवून
कडेकडेने गिरवतं, तेवढंच.

दांडिया बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान होतं.
बाबा हात हातात घेत,
अंगठ्याच्या मुळाशी एकदाच दाबत
आणि मागे न बघता मला सांगत : सव्वादोन.
कधी : दोन-सहा, पण हात कडक आहे, अडीचचा डबा काढ.
नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत.
रावपुऱ्याची ती, आखूड करंगळीची, म्हणायचे.
ती सात वर्षांनी आली
तरी डबा बरोबर निघायचा.

यंत्राचं एक मला आवडतं.
रोजच्या हाताबरोबर ते स्वतःला जरासं सरकवून घेतं.
सांधे सुजतात, माणूस वाळत जातो,
त्याला चालतं. हळूहळू बदललेलं सगळं चालतं.
एकदम बदललेलं नाही.

जशीबेन सोलंकी, प्रेस विभाग, टोकन चारशे बारा,
बेचाळीस दिवसांनी कामावर आली.
हात ठेवला. लाल.
पुसून पुन्हा ठेवला. लाल.
अनामिकेच्या खुंटीला टेकायला
दीड पेर कमी पडत होतं.
ओळखतुं नथी, ती म्हणाली
आणि माझ्याकडे बघून हसली,
जशी काही तिचीच चूक.

नवी नोंद करायची तर हात तीनदा ठेवावा लागतो.
ती उरलेली बोटं ताठ करत होती.
मी मनगट धरलं आणि तोंडातून निघून गेलं :
सोडा बेन, सैल सोडा हात.
माझा अंगठा आपसूक त्या जागी गेला.
सव्वादोन.
तेवढं तसंच होतं.

पडद्यावर आलं : जुना हात पुसायचा?
मागे शिफ्टची रांग.
मी हो दाबलं.

अपघाताच्या फॉर्मवर, कारणाच्या रकान्यात
वरूनच टाइप होऊन आलं होतं : कामगाराची बेपर्वाई.
खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.
मी त्या वेळी या खिडकीत होतो.

आमच्या दुकानात नियम होता,
भरताना फुटली तर बांगडी कासाराची.
बाबा काचा वेचायचे
आणि पैसे घेताना
ती सोडून मोजायचे.