नसलेला च

अशोकस्तंभापाशी, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
मी तर्क शिकवतो. साठ मुलं, चाळीस खुर्च्या.
फळ्यावर लिहितो : पाऊस पडला तर अंगण ओलं.
अंगण ओलं आहे. म्हणून?
‘पाऊस पडला,’ साठ तोंडं एकदम.
मी म्हणतो, कुणी सडा घातला असेल.
मुलं हसतात.
परीक्षेत पुन्हा तेच करतात.

भांडीबाजारात आमचं दुकान होतं.
दादांनी फळीवर खडूनं लिहून ठेवलेलं :
‘दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं
तर माल माळ्यावर.’
नियम साधा होता, खराही होता.
त्या साली धरणातून पाणी सोडलं तेव्हा
मी निवृत्तीला तासातासाला नदीवर पिटाळलं.
गुडघा, म्हणाला. मग मांडी. मग परत गुडघा.
आम्ही चहा मागवला.

पाणी आलं ते मागच्या दारानं,
सरस्वती नाल्यातून, मारुतीला न विचारता.
पराती आधी वाजल्या, मग तरंगल्या, मग गप्प झाल्या.
घंगाळं गाळानं भरली काठोकाठ.
देवाला दोन तोंडं,
पण आमची मागची गल्ली
दोन्हींनाही दिसत नव्हती.

फावड्यानं गाळ ओढता ओढता दादा म्हणाले,
‘मी तर लिहिलं होतं.
तरच कुणी वाचलं?’
मी तेव्हा बी. ए.ला होतो. तर्कशास्त्र घेऊन.

आता दादा एकोणऐंशीचे. पंधरा वर्षांची साखर.
मार्गशीर्षात म्हणाले,
‘छातीत दुखलं तर सांगेन, उगाच मागे लागू नका.’
आम्ही मागे लागलो नाही.
मग जबडा दुखायला लागला. दाढ असेल, म्हणाले.
मेनरोडला दातांच्या डॉक्टरकडे मीच नेलं, स्कूटरवर,
जुनं मासिक चाळत बसलो.
ती बाई तोंडात बघायचं सोडून
त्यांच्या कपाळाकडे बघत राहिली.
नाशकातली ती थंडी, आणि बनियन पिळून काढण्यासारखं.
‘छातीत दुखतंय?’
‘नाही.’
मीही म्हणालो, नाही, छातीत नाही दुखत,
म्हणजे तसं काही नसणार,
आणि एवढं बोलतो न बोलतो तोच
मला वास आला. नाल्याच्या पाण्याचा.

मुंबई नाक्याच्या हॉस्पिटलात, दोन स्टेंटनंतर,
दादांनी बोटानं जवळ बोलावलं.
वाटलं, आता काहीतरी मोठं सांगतील. किल्ली, कागद, कुणाचं देणं.
‘च नव्हता,’ म्हणाले,
आणि डोळे मिटून घोरायला लागले.

सुरगाण्याची जयवंता गावित, शेवटच्या रांगेत, उभी राहूनच :
‘सर, लिहिलेला नसतो, तरी तो च ऐकू का येतो?’
पुस्तकात याचं उत्तर नाही.
मी खडूचे हात झटकतो, पँटीला पुसतो.
म्हणतो, एका दारावर माणूस बसवला
की बाकीची दारं बंद आहेत असं वाटतं. बरं वाटतं.
चहा गोड लागतो.

ती खाली मान घालून लिहून घेते.
मग विचारते, ‘हे परीक्षेला येईल?’
आलं तर लिही, म्हणतो,
आणि डस्टर शोधता शोधता, जरा हळू,
न आलं तरी.