अर्ध्या तासासाठी

लेवोचाच्या वाचनालयाचे नियम साधे :
पान दुमडायचं नाही, समासात लिहायचं नाही,
जसं नेलं तसं परत.
मी गेलो होतो सफरचंदाच्या छाटणीचं पुस्तक मागायला.
टेबलामागची मुलगी म्हणाली, ते बाहेर गेलंय,
पण आज माणसंही मिळतात, अर्धा तास, बोलायला.
यादीत एकच उरलं होतं :
रोमा. स्त्री. वय एक्केचाळीस.
घेतलं. बाहेर गारठा होता, बस पाचला.

झानेता. चष्म्याची एक दांडी तारेनं बांधलेली.
ती बसली आणि माझा हात
कोटाच्या आतल्या खिशापाशी गेला.
पाकीट होतं.
तिनं पाहिलं. तिनं पाहिलेलं मी पाहिलं.
"विचारा," म्हणाली, "सगळे आधी तेच विचारतात."
काय, ते इथे लिहीत नाही. विचारलं मात्र.
तिनं उत्तर दिलं, जांभई दाबत.

मग आपणहून सांगू लागली.
सहा वर्षांची होते, एक बाई चित्रं घेऊन आल्या.
सुईचं चित्र. मी म्हटलं, सुव.
त्यांना हवं होतं, इह्ला.
नाकाचं. नाख.
मिठाचं. लोन.
एकेक ओळखलं मी, आणि एकेकापुढे शून्य.
सप्टेंबरात मतिमंदांच्या शाळेत घातलं.
"बाई वाईट नव्हत्या हं.
जाताना लिंबाची गोळी दिली, हिरव्या डब्यातली."

हिरवा डबा.
वालेरिया पर्समध्ये ठेवायची.
रविवारी रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर
ती शून्यं मोजायची, मी चहा ठेवायचो.
ती गेली. चित्रांचा गठ्ठा अजून खणात आहे,
रबरबँड वितळून वरच्या सुईला चिकटलेलं.
तशा बाई जिल्ह्यात वीसेक असतील.
तसले डबे तर कुठल्याही दुकानात मिळायचे.
असं मी स्वतःला सांगत राहिलो,
आणि ती माझ्याकडे बघत राहिली,
काही चुकलं का, अशी.

सांगितलं नाही मी. आजही नाही.
घंटा वाजली. "चला, परत करा मला," ती हसली.
उठता उठता काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं :
सफरचंदाला काय म्हणता तुम्ही?
"फाबाय."
"पाबाइ," मी म्हटलं.
"चूक. पुन्हा."
"पाभाय."
"चूक," ती खुर्चीत परत बसत म्हणाली,
"ओठ नीट मिटा आधी. पुन्हा."

पुढची बस सव्वासहाला होती.