दोन्ही मीच

कॅनडा कॉर्नरला एजंटचं ऑफिस,
आणि मी चाललेय जर्मनीला.
हसू नका, रिक्षावाला हसून झालाय.

दहावीच्या दाखल्यावर निरगुडेत एक ए जास्त,
पासपोर्टवर नाही.
त्या ए-पायी सीबीएसजवळ, कोर्टाबाहेर
छत्रीखालच्या टायपिस्टकडून प्रतिज्ञापत्र:
'सदर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.'

पडताळणीला आलेल्या हवालदाराने
शेजारच्या मालतीकाकूंना विचारलं, पोरगी कशी?
सिव्हिलमधून रात्रपाळी करून येते,
चप्पल हातात घेऊन जिना चढते.
त्याने लिहिलं: वर्तन चांगले.

क्लासच्या वहीत
कळ, ठणका, चमक, ठसठस,
सगळ्यांपुढे एकच शब्द, श्मेर्त्स.
बाई म्हणाल्या, परीक्षेला पुरेल.

ठसठस मी अजून खोडलेली नाही.