पाचावर अडकलं

पंख सोडवून ट्रकवरून रबाळ्याला आलं
बेहरामकाकांचं विमान, दोन माणसांचं, लाल शेपटीचं.
"वर असताना ह्याला आकाश दिसत नाही," म्हणाले
आणि चहा मागवला.

पत्र्याखालून ढकलत उघड्यावर आणलं.
अर्धं आभाळ पारसिकच्या डोंगराने दाबून धरलेलं.
तरी जीपीएसचा नुसता डबा गच्चीवर नेला
तर नऊ उपग्रह.
विमानात बसवला की तीन, कधी दोन.
म्हणजे डबा निर्दोष. डोंगरही.

अँटेनाची वायर उपसली.
कनेक्टरवर हिरवट गंज, खाडीचा,
दिवाळ्यात बाबांच्या होडीच्या खिळ्यांवर असायचा तोच.
जुना कापला, नवा जोडला.
पाच.

रेडिओ बंद केला. पाच.
शेपटीचा दिवा मालवला. पाच.
जेवणाची सुट्टी झाली, संपली,
पाच.

काका सीटवर बसून नातीला फोनवर विमान दाखवत होते,
फोन चार्जरला लावलेला,
चार्जर वाशीच्या फूटपाथवरचा, दीडशेचा.
माझा हात अडत होता,
म्हणून उपटला. एवढंच.

सात.
नऊ.
बारा.

काका गप्प.
मग त्यांनीच तो परत खोचला: चार.
काढला, थांबले: बारा.
तीनदा करून पाहिलं, शाळेतल्या पोरासारखं,
नात पलीकडून विचारतेय, आजोबा, काय झालं, काय झालं?

बिलात लिहिलं: कनेक्टर एक, मजुरी दोन दिवस.
चार्जरचं काही लिहिलं नाही.
तो माझ्या खणात आहे, स्क्रूंच्या डबीशेजारी.

आता कुणी विमान घेऊन आलं
की पान्हा उचलायच्या आधी सांगते,
खिसे रिकामे करा.