सहा आणि सातच्या मध्ये

तिबिलिसीतल्या आमच्या वस्तीत
नाणं टाकल्याशिवाय लिफ्ट हलत नाही.
नाण्यांचा माणूस वेगळा. मी दोर, चाकं, ग्रीस.

नवव्या मजल्यावरच्या लामाराबाईंनी एकदा
बक्षिशीऐवजी पुस्तक ठेवलं हातावर.
"कवितांचं आहे," म्हणाल्या,
दूध कालचं आहे म्हणावं तसं.

वाचलं ते सहा आणि सातच्या मध्ये,
कपाळावर दिवा, पायाखाली काळोख.
काही कळलं नाही.
दुसऱ्यांदाही नाही. पण एक ओळ
डब्यात येऊन बसली,
पावाबरोबर चावली गेली.

मग मीही लिहू लागलो. कागद माझ्याकडे टिकत नाहीत,
म्हणून लिफ्टच्या बोगद्यात, भिंतीवर, पेन्सिलीने,
जिथे फक्त दुरुस्तीवाला पोचतो.
आईवर चार ओळी. तिच्या अथांग डोळ्यांवर.

मधे तीन वर्षं गुडघ्याने घरी बसवलं.
परत चढलो, दिवा लावला,
तर "अथांग" खोडलेलं.
एकच रेघ, पट्टी धरून मारावी तशी.
नाव नाही, गाव नाही.

आठवडाभर धुमसत होतो. साल्याला काय कळतं!
बदलीवर एक पोरगा होता म्हणे,
कमी बोलायचा, गेला बातुमीला.

मग एका दुपारी ओळ मोठ्याने म्हटली,
त्याने ठेवली होती तशी.
डोळे नुसते डोळे उरले
आणि आई बघायला लागली.

खालून कुणी ओरडत होतं, नाणं अडकलंय, नाणं.
मी खिशात पेन्सिल चाचपत होतो.
दुसऱ्या ओळीतही एक शब्द जड होता.