अर्धा फेरा

रिजायनात खडक लागत नाही.
कितीही खणा, चिकणमातीच.
ओली झाली की फुगते, बुटाला गोळे धरते,
वाळली की आक्रसते, आणि तिच्या भेगेत
माझी सहा इंची पट्टी उभी बुडते.
हिच्यावर आम्ही घरं बांधली.
मग दोष द्यायचा कुणाला.

ओडार्का ह्नातियुकबाईंचा फोन ऑगस्टात आला.
“स्वयंपाकघरात सांडलेला वाटाणा
जेवणाच्या टेबलाखाली सापडतो,” म्हणाल्या,
“पण त्याचं काही नाही. गॅरेजचा कोबा खचलाय,
खालून मांजर ये-जा करतं.”

कारणं दोन निघाली.
पन्हळीचं तोंड भिंतीच्या कुशीतच सुटलेलं,
वितळलेला बर्फ वर्षानुवर्षं तिथे मुरायचा
आणि कोब्याखालचा भराव घेऊन जायचा.
दुसरं, पश्चिमेचा पॉपलर.
कोरड्या उन्हाळ्यात
मधल्या पायाखालचं पाणी तो पितो.
“तो मेट्रोने लावलाय,” बाई म्हणाल्या.
म्हणजे तो विषय संपला.

गॅरेजला अकरा भोकं पाडली,
सिमेंट-मातीचा रबडा पंपाने आत ढकलला.
खाली कुणी ढेकर दिल्यासारखं झालं
आणि दोन टनांचा कोबा बोटभर वर आला,
मग दोन बोटं.
दुपारपर्यंत मांजराची वाट बंद.
हे सोपं काम. पैसे यातच सुटतात.

तळघराचं तसं नाही.
मधली तुळई, तिच्याखाली चार लोखंडी धिरे,
धिऱ्यांच्या डोक्याला स्क्रू.
तुळईच्या अंगावर पेन्सिलीने:
जुलै ७४, पाव फेरा.
मे ७५, पाव फेरा उलट.
जून ८८, अर्धा. देवा, पाऊस.
शेवटची ओळ अकरा वर्षांपूर्वीची.
त्यानंतर पाना कुणी हातात घेतला नव्हता.

पाणसळ लावली. दीड इंच झोल.
एकदम उचललं तर घर ओरडतं,
काचा तडकतात, प्लास्टर ताटात पडतं.
म्हणून दर शुक्रवारी अर्धा फेरा, आणि कॉफी.
बारा शुक्रवार.
सप्टेंबरात दिवाणखान्यातली भेग ओठ मिटल्यासारखी मिटली.
नोव्हेंबरात बाईंनी वाटाणा टाकून पाहिला.
टाकला तिथेच थांबला.

आणि दारं बिघडली.
तिन्ही. वरच्या कोपऱ्यात तिरकी फट,
टोकाला करंगळी जाईल एवढा उजेड.
मला आधी दिसायला हवं होतं हे.
उन्हाळ्यात जमीन बसायची, दार चौकटीला घासायचं,
आणि पाना कमी पडला की मेट्रो रंधा काढायचा.
थोडं वरून तासायचा. पुढच्या वर्षी आणखी थोडं.
घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात;
वासे मी परत फिरवले,
दारं तेवढी मागे राहिली, जुन्या घराच्या मापाची.

“नवी बसवतो,” मी म्हटलं, “मजुरी नको.”
बाई फटीकडे बघत होत्या.
“दरवर्षी म्हणायचा, दार फुगलंय.
रात्री उठून म्हणायचा. मी दमट कपडे आत वाळवते
म्हणून फुगतं म्हणायचा.
चाळीस वर्षं मी थंडीत बाहेर कपडे वाळत घातले, आर्मां.
लाकडासारखे ताठ व्हायचे.”
मग हसू आलं त्यांना, खुर्ची धरून हसल्या.
“पट्टी लाव वरून. रंग नको देऊस.”

पाइनच्या तीन पट्ट्या कापल्या,
एका टोकाला काहीच नाही,
दुसऱ्या टोकाला करंगळीची जाडी.
पन्हळीला सहा फुटी नळी जोडली.
वसंतात माती फुगेल, तेव्हा उलट फिरवा, सांगितलं,
आणि पाना धिऱ्याजवळ खिळ्याला टांगला.

पेटी आवरून वर जाताना वळून पाहिलं.
बाई स्टुलावर चढलेल्या,
पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं करून
तुळईवर लिहीत होत्या:
नोव्हेंबर. बारा अर्धे, म्हणजे सहा.
खाली जागा होती. जरा थांबून
मोठ्या अक्षरात:
दार फुगलं नव्हतं.